कर्ज काढलं कुणी, सिबिल बिघडलं कुणाचं? डेटा फुटल्यावर तुमच्या नावाने कर्ज कसं निघतं

अभिषेक बच्चन, महेंद्रसिंग धोनी, माधुरी दीक्षित, शिल्पा शेट्टी आणि इम्रान हाश्मी. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पाच जणांना अटक केली, तेव्हा ही सगळी नावं एकाच प्रकरणात पुढे आली. आरोप असा होता की, या टोळीने सेलिब्रिटींच्या पॅनचे तपशील वापरून पुण्यातल्या ‘वन कार्ड’ या फिनटेक कंपनीकडून क्रेडिट कार्डं मिळवली आणि त्यावर २१ लाख ३२ हजार रुपये उडवले.

आता प्रश्न पडतो, एवढ्या मोठ्या लोकांचे पॅन नंबर या टोळीला मिळाले कुठून? सर्व्हर हॅक केला? बँकेतला माणूस फोडला? तर तसं काहीच झालं नव्हतं. पोलिसांनी सांगितलं त्यानुसार, त्यांनी गुगलवर शोधलं.

पॅन नंबर तर दुकानाच्या पाटीवरच असतो

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचा कोड. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. त्यापुढची १० अक्षरं म्हणजे थेट पॅन नंबर. सेलिब्रिटींचे जीएसटी नंबर इंटरनेटवर होते, त्यातून पॅन मिळाला. जन्मतारीख तर गुगल सांगतंच. झालं काम.

हे फक्त बड्या लोकांपुरतं आहे असं समजू नका. गल्लीतल्या मेडिकलचं किंवा हार्डवेअरच्या दुकानाचं बिल काढून बघा. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल, तर त्या बिलावरच्या जीएसटी नंबरात मालकाचा स्वतःचा पॅन असतो. तो बिलावर छापणं बंधनकारक आहे आणि दुकानाच्या दर्शनी पाटीवर लावायचाही नियम आहे.

म्हणजे पॅन नंबर हे गुपित नाहीच. ते तसं ठेवायचं म्हणून बनवलेलंही नाही. आयकर खात्याला एका नावाची चार माणसं वेगळी ओळखता यावीत, यासाठी दिलेला तो नंबर आहे. घराबाहेरच्या नावाच्या पाटीसारखा. खरी गडबड तेव्हा होते, जेव्हा कर्ज देणारा या पाटीलाच घराची किल्ली समजतो.

ओळख सांगणं आणि ओळख पटवणं

गावातल्या विकास सोसायटीत कर्ज मागायला माणूस आला, तर सचिव त्याला चेहऱ्याने ओळखायचा. त्याची जमीन कुठे आहे, बाप कोण, मागचं कर्ज फेडलं का, हे सगळं गावाला माहीत असायचं. वर जामीनदार लागायचा. या पद्धतीत वशिलेबाजी होती, वेळही लागायचा. पण भलताच माणूस येऊन ‘मीच तो’ म्हणून पैसे घेऊन गेला, असं सहसा होत नव्हतं.

मोबाईल ॲपला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्यासमोर येतो एक नंबर, एक फोटो आणि एक ओटीपी. त्यामुळे ॲप टप्प्याटप्प्याने खात्री करतं. प्रत्येक टप्पा नक्की काय सिद्ध करतो, ते नीट बघण्यासारखं आहे.

पहिला टप्पा, पॅनची पडताळणी. कंपनी पॅन, नाव आणि जन्मतारीख तपासायला पाठवते. समोरून उत्तर येतं, जुळतंय किंवा जुळत नाही. फोटो येत नाही. म्हणजे हा पॅन खरा आहे एवढंच कळलं. अर्ज करणारा माणूस तोच आहे का, हे कळलं नाही.

दुसरा टप्पा, मोबाईलवरचा ओटीपी. अर्जात दिलेल्या नंबरवर ओटीपी जातो. पण तो नंबर भामट्याने स्वतःचा दिला असेल, तर ओटीपी त्यालाच मिळणार. फोन त्याच्या हातात आहे, एवढंच यातून सिद्ध झालं.

तिसरा टप्पा, सेल्फी आणि पॅन कार्डाचा फोटो. दोन्ही चेहरे जुळतात का, ते बघितलं जातं. पण कार्डच बनावट असेल तर? सेलिब्रिटींच्या प्रकरणात पोलिसांनी नेमकं हेच सांगितलं. टोळीने पॅनवर नाव आणि नंबर सेलिब्रिटींचा ठेवला, फोटो मात्र स्वतःचा लावला. व्हिडिओ पडताळणीत समोरचा चेहरा आणि कार्डावरचा चेहरा एकच दिसला.

चौथा टप्पा, प्रश्न. तुमची आर्थिक माहिती विचारून खात्री केली जाते. या टोळीला तेही प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी बरोबर उत्तरं दिली. कारण पोलिसांच्या माहितीनुसार, सिबिलमधले तपशील त्यांनी आधीच मिळवून ठेवले होते.

चारही टप्पे पार झाले आणि तरी माणूस भलताच निघाला. कारण प्रत्येक टप्प्यावर माहिती तपासली गेली. माहिती मात्र कुणाहीकडे असू शकते.

पेपर फुटला तर परीक्षा परत घेता येते, जन्मतारीख कशी बदलणार?

सेलिब्रिटींची माहिती गुगलवर होती. सामान्य माणसाची बाहेर येते ती डेटा लीकमधून.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रिसिक्युरिटी या अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनीने सांगितलं की, ८१ कोटी ५० लाख भारतीयांची आधार आणि पासपोर्टशी संबंधित माहिती डार्क वेबवर विकायला ठेवल्याचा दावा एका हॅकरने केला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचा डेटा टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याची बातमी रॉयटर्सने दिली. हॅकरचा दावा ३ कोटींहून जास्त ग्राहकांचा होता. त्या डेटात फोन नंबर आणि पत्त्यांबरोबर ओळखपत्रांच्या प्रतीही होत्या.

परदेशातही वेगळं चित्र नाही. लोकांची कर्जाची कुंडली सांभाळणाऱ्या एक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीवरच २०१७ मध्ये हल्ला झाला. ज्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून हॅकर आत शिरले, ते बुजवायचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. कंपनीने तो वेळेत लावला नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी नंबर चोरीला गेले.

या सोशल सिक्युरिटी नंबरची गोष्ट आपल्या पॅनसारखीच आहे. १९३६ मध्ये तो पेन्शनचा हिशोब ठेवायला सुरू झाला. हळूहळू बँक, कर्ज, घरभाडं सगळीकडे तोच मागू लागले आणि नंबर सांगितला की माणूस खरा, असं मानलं जाऊ लागलं.

पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. एटीएम कार्ड हरवलं तर नवं मिळतं. परीक्षेचा पेपर फुटला तर परीक्षा पुन्हा घेतात. पण जन्मतारीख, आईचं नाव, अंगठ्याचा ठसा या गोष्टी एकदा फुटल्या की आयुष्यभरासाठी फुटल्या. त्यामुळे एक लीक झाला, बातमी जुनी झाली, म्हणून धोका संपत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या यादीतून आजही कर्ज काढता येऊ शकतं.

भुर्दंड कुणाला?

फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्विटरवर एकामागून एक लोक तक्रार करू लागले. त्यांनी कधीच न घेतलेलं ‘धनी’ या ॲपवरचं कर्ज त्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत होतं. अभिनेत्री सनी लिओनीनेही ट्विट केलं की, तिच्या पॅनवर कुणीतरी २ हजार रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यामुळे तिचा सिबिल स्कोअर बिघडला. पुढे दुरुस्ती झाल्याचंही तिने सांगितलं.

रक्कम बघा, २ हजार. इतक्या छोट्या कर्जासाठी कर्मचारी बसवून व्हिडिओ कॉल करणं कंपनीला परवडत नाही. म्हणून पडताळणी हलकी ठेवली जाते. दहा-वीस कर्जं बुडाली तरी तो धंद्याचा खर्च धरला जातो. पण या हिशोबात तिसरा माणूस धरलेलाच नसतो. ज्याच्या नावावर कर्ज निघालं, त्याने एक रुपया घेतलेला नसतो. तरी वसुलीचे फोन त्याला येतात आणि थकबाकीची नोंद त्याच्या रिपोर्टमध्ये बसते.

ही नोंद किरकोळ नसते. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. २ हजारांचं थकलेलं कर्जसुद्धा गृहकर्जाच्या फाईलमध्ये ‘थकबाकीदार’ म्हणूनच दिसतं. सरकारी बँकांच्या भरतीत निवड झालेल्या उमेदवाराची क्रेडिट हिस्ट्री बघितली जाते. म्हणजे दोन-तीन वर्षं अभ्यास करून बँकेची परीक्षा पास झालेल्या पोराला, न घेतलेल्या कर्जाचा खुलासा करत बसावं लागू शकतं. शेतकऱ्यांना पीक कर्ज देताना सिबिलचा आग्रह धरू नका, असं राज्य सरकारला बँकांना बजावावं लागलं, यावरून हा आकडा गावपातळीवर किती वजनदार झालाय ते कळतं.

आरबीआयचे नियम काय सांगतात?

नियम आहेत आणि ते बरेच कडक आहेत. जानेवारी २०२० मध्ये आरबीआयने व्हिडिओ केवायसीला परवानगी दिली. त्यात कंपनीच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याने समोरच्या माणसाशी थेट बोलायचं, तो भारतातच आहे हे लोकेशनवरून बघायचं आणि पॅन मूळ डेटाबेसशी पडताळायचा, असं बंधन आहे.

फक्त आधार ओटीपीवर, म्हणजे प्रत्यक्ष भेट किंवा व्हिडिओ कॉल न करता ग्राहक जोडला, तर त्याला वर्षभरात एकूण ६० हजार रुपयांपर्यंतच मुदत कर्ज देता येतं. आधारची पडताळणी पॅनपेक्षा भक्कम असते. इथे ओटीपी अर्जातल्या नंबरवर जात नाही, आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. फोटोही आधारच्या मूळ नोंदीतून येतो. म्हणूनच भामटे आता नंबर चोरण्यापेक्षा फोन करून ओटीपी काढून घेण्यावर भर देतात.

सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. कर्जाचे पैसे मधल्या कुठल्याही कंपनीच्या खात्यात न जाता थेट कर्जदाराच्या बँक खात्यात गेले पाहिजेत. पैसे कुठल्या खात्यात गेले याची नोंद राहते. ज्याच्या नावावर खोटं कर्ज निघालंय, त्याच्यासाठी हीच नोंद सगळ्यात मोठा पुरावा ठरते.

तुमच्या नावावर भलतंच कर्ज दिसलं तर?

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, एक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळवण्याचा तुमचा हक्क आहे. चारही एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवला, तर वर्षभर फुकटात लक्ष ठेवता येतं.

रिपोर्ट उघडला की फक्त स्कोअर बघून बंद करू नका. तीन जागा तपासा. एक, कर्जांची यादी. दोन, ‘एन्क्वायरी’, म्हणजे कुठल्या कंपन्यांनी तुमचा रिपोर्ट मागवला. अनोळखी कंपनीची एन्क्वायरी ही कुणीतरी तुमच्या नावाने अर्ज केल्याची पहिली खूण असते. तीन, तुमचे म्हणून नोंदवलेले मोबाईल नंबर आणि पत्ते. तिथे अनोळखी नंबर दिसला, तर तो भामट्याचा असू शकतो.

काही खोटं आढळलं तर या क्रमाने जा.

१. ब्युरोच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’ टाका. ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, तो कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो. म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी ईमेल करा.

२. ईमेलमध्ये ‘हे कर्ज माझं नाही’ एवढंच लिहून थांबू नका. कर्जाचा करार, केवायसीची कागदपत्रं, अर्जातला सेल्फी, मोबाईल नंबर आणि पैसे ज्या खात्यात जमा झाले त्याचा तपशील मागा. ते खातं तुमचं नाही हे दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

३. १९३० या हेल्पलाईनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोच जपून ठेवा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

४. तारखा लिहून ठेवा. आरबीआयच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या कंपनीचे. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे, पण बऱ्याच जणांना माहीतच नसल्याने ते मागत नाहीत.

५. तरीही दाद मिळाली नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. क्रेडिट ब्युरोही या योजनेत आहेत.

एक चूक मात्र टाळा. कटकट नको म्हणून ते २ हजार भरून टाकू नका. भरले की कर्ज तुमचंच होतं, असं समोरची कंपनी म्हणू शकते.

आधीच काय काळजी घेता येईल?

फुटलेली माहिती परत आणता येत नाही. पण तिचा वापर अवघड करता येतो.

आधारची प्रत द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. झेरॉक्सवर ती कशासाठी दिली आणि तारीख काय, हे फोटोवर येणार नाही पण मजकुरावर येईल असं आडवं लिहा. ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं, ब्युरोकडे तुमचा चालू मोबाईल नंबर आणि ईमेल आहे ना, ते बघा. कुणी कर्जासाठी तुमचा रिपोर्ट मागवला की ब्युरोने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, असा आरबीआयचा आदेश आहे. नंबर जुना असेल, तर तो इशारा भलतीकडेच जाईल.

कायद्यात काय राहिलंय?

एक्विफॅक्सच्या प्रकरणानंतर अमेरिकेने सप्टेंबर २०१८ पासून ‘क्रेडिट फ्रीज’ सगळ्यांना मोफत केलं. म्हणजे माणूस आपल्या रिपोर्टला स्वतः कुलूप लावू शकतो. कुलूप असेपर्यंत नव्या सावकाराला रिपोर्ट दिसत नाही, त्यामुळे कर्जही सहसा निघत नाही. भारतात कायद्याने दिलेला असा मोफत हक्क नाही. इथे इशारा मिळतो, पण कुणीतरी दार ठोठावल्यानंतर.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद करतो. डेटा फुटला तर ज्यांचा फुटला त्यांना कळवणंही बंधनकारक करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. आणखी एक मेख आहे. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाणार, ज्याचा डेटा फुटला त्याला नाही. आयटी कायद्यातलं नुकसानभरपाईचं कलम ४३ ए या नव्या कायद्याने वगळायचं ठरवलं आहे.

लोकांना ‘पॅन कुणाला देऊ नका’ असं सांगणं सोपं आहे. पण दुकानदाराला तो पाटीवर लावावा लागतो, भाडेकरूला घरमालकाला द्यावा लागतो, नोकरदाराला ऑफिसात द्यावा लागतो. जो नंबर रोज दहा जणांना द्यायचा आहे, तो लपवण्याची जबाबदारी माणसावर टाकून भागणार नाही. कर्ज कुणाला दिलं याची खात्री पैसे देणाऱ्यानेच करायची असते. तोपर्यंत दर तीन महिन्यांनी एक रिपोर्ट मागवून बघणं, हाच सामान्य माणसाच्या हातातला स्वस्तातला उपाय आहे.